मोठ्यानं वाचण्यापुरती खोली

“इथे बोलायचं, सर. पण एका वेळी एकानंच,” ती मुलगी म्हणाली.

काचेचं कपाट होतं ते. आत एक उंच स्टूल, एक फळी, वर दिवा. फोन आला की आत जायचं, दार ओढून घ्यायचं, बोलायचं आणि बाहेर यायचं. तात्यांनी आत हात घालून भिंत चाचपली. तिला करड्या रंगाचा स्पंज लावलेला होता.

“आणि दोघांना बोलायचं असेल तर?” मी विचारलं.

“मीटिंग रूम आहे ना, सर. तासावर. आधी बुक करायची.”

“रोज सहा तास?”

ती हसली. मी गंमत करतोय असं तिला वाटलं असावं. केतकी तिचं नाव. डेक्कनला त्या चौथ्या मजल्यावर टेबलं भाड्यानं द्यायचे, तिथे येणाऱ्या प्रत्येकाला जागा दाखवणं हे तिचं काम होतं. ज्या आवाजात माणसं दवाखान्यात बोलतात, त्या आवाजात ती बोलत होती. कारण तिच्या मागे साठेक माणसं कानांत बोळे घालून स्क्रीनकडे बघत बसली होती आणि एवढ्या माणसांत पंख्याचाही आवाज नव्हता.

“तुमचं काम नेमकं काय आहे, सर?”

“मोठ्यानं वाचणं,” तात्या म्हणाले.

“म्हणजे पॉडकास्ट?”

“तसंच समज. फक्त ऐकणारा मी एकटाच.”

मग त्यांना काय लहर आली कोण जाणे, ते त्या कपाटात शिरले, स्टुलावर टेकले आणि मला म्हणाले, “धायगुडे, ये आत.” मी अर्धा आत गेलो. माझा एक खांदा आणि पिशवी बाहेर राहिली. दार काही लागेना. तात्या माझ्या पोटाशी तोंड करून म्हणाले, “वाच.” जवळच्या टेबलावरच्या एका मुलानं कानातला बोळा काढून आमच्याकडे बघितलं. मी लाजून बाहेर आलो.

निघताना तात्या सरळ काचेच्या दारावर जाऊन आपटले. दारावर फुलांचं स्टिकर होतं, तरीही.

“काच फार स्वच्छ ठेवता हो तुम्ही,” ते कपाळ चोळत केतकीला म्हणाले. तिनं घाबरून पाणी आणलं, आणि वर एक दिवस फुकट बसून बघायचा पासही दिला.

ही आठ वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. तात्या म्हणजे वसंत रेवणकर. तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते आणि मी एकोणचाळीसचा. आम्ही दोघं प्रुफं वाचायचो. बेचाळीस वर्षं त्यांनी हाच धंदा केला, त्यातली शेवटची चौदा माझ्याबरोबर. आमची पद्धत जुन्या छापखान्यातली होती. मूळ प्रत तात्यांच्या हातात, प्रूफ माझ्या हातात. मी मोठ्यानं वाचायचं, आणि जे छापलंय ते सगळं वाचायचं: स्वल्पविराम, कंस, आकडे एकेक सुटा करून. शून्याला ‘पूज्य’ म्हणायचं, कारण तात्यांच्या उस्तादांनी तसं शिकवलं होतं. चूक आली की तात्या म्हणत, “थांब.” मग म्हणत, “परत वाच.” चूक माझ्या जिभेची निघाली तर “पुढे.” आणि दुसऱ्यांदाही मी तेच वाचलं, म्हणजे छापण्यातच चुकलेलं असलं, तर मूळ प्रत माझ्यापुढे सरकवत आणि म्हणत, “बघ. चूक दोघांनी बघायची.” एवढ्या मोजक्या शब्दांवर आमचा दिवस चालायचा.

हल्ली असं कोणी वाचत नाही. पण पंचांगवाले आमच्याकडे यायचे. आकड्यांचा मजकूर डोळ्यानं वाचला की डोळा फसतो, कान फसत नाही, असं तात्यांचं म्हणणं.

आम्ही शनिवार पेठेतल्या एका छापखान्याच्या मागच्या खोलीत बसायचो. मालक वारले. मुलांनी मशीन भंगारात काढलं आणि जागा मोबाइलची कव्हरं ठेवायला गोदाम म्हणून दिली. आम्हाला महिनाअखेरीपर्यंतची मुदत होती. घरी बसून हे काम करावं तर माझी बायको हॉलमध्ये शिकवण्या घ्यायची. सकाळ-दुपार पंधरा पोरं पाढे म्हणायची. तात्यांच्या घरी उलटी तऱ्हा. त्यांचा मुलगा रात्रपाळी करायचा आणि दिवसा झोपायचा. दोन खोल्यांचं घर. सकाळी नऊ ते चार तिथे कुकरची शिट्टीही होऊ देत नसत. तात्या सुट्टीच्या दिवशी सोसायटीच्या जिन्यात बसून राहायचे, कारण घरात साधं खोकायची चोरी.

“जागा नाही मिळाली तर मी जिन्यात बसलो,” ते मला म्हणाले होते. “आणि एकदा बसलो की बसलोच, धायगुडे. ह्या वयात जिन्यातनं कोणी परत कामाला उठत नाही.”

म्हणून आम्ही जागा शोधत होतो. भाड्यानं खुर्ची मिळते ही बातमी माझ्या बायकोनं आणली. डेक्कनपासून लक्ष्मी रोडपर्यंत दर चार इमारतींमागे एक अशी जागा निघाली होती. आठवड्यात आम्ही सहा बघितल्या. सगळीकडे कॉफीचं मशीन, सगळीकडे झाडाची एक कुंडी, आणि सगळीकडे ‘कृपया शांतता राखा’. दात आहेत तर चणे नाहीत, अशी गत. रस्ता ओलांडताना तात्या माझ्या पिशवीचा बंद धरायचे. भाड्याचा कागद पुढे आला की म्हणायचे, “तू वाच रे, माझा चष्मा बदलायचाय.” जागेत शिरल्यावर ते बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक करायचे आणि एक टाळी वाजवायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याची सवय.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. त्याच आठवड्यात मला एका भाषांतराच्या कंपनीचा फोन आला होता. औषधांची माहितीपत्रकं तपासायची होती, स्क्रीनवर, एकट्यानं. मी विचार करून सांगतो म्हणालो होतो. तात्यांसमोर तो विषय काढायचं धाडस मला झालं नाही. निदान तेव्हा मी त्याला धाडस नाही असंच नाव देत होतो.

सातवी जागा बागवानांची. लक्ष्मी रोडच्या मागच्या एका बोळात, दुसऱ्या मजल्यावर. खाली ओळीनं पिको-फॉलची दुकानं, वर तबल्याचा क्लास. नसीमभाई बागवान स्वतः दारात उभे होते, हातात स्क्रू-ड्रायव्हर. आत दहा-बारा टेबलं, आणि प्रत्येक टेबलावरचा माणूस बोलत होता. एक विमा एजंट होता, एक सहलीवाला, आणि वधू-वर सूचक मंडळाच्या एक बाई तर फोनवर कोणाच्या तरी मुलीची उंची तीनतीनदा सांगत होत्या.

“आम्हाला मोठ्यानं वाचायचं असतं,” मी अपराध्यासारखं म्हणालो.

“वाचा की. कोण नको म्हणतंय? इथं कोणाचं कोणाला ऐकू येतं?”

“दिवसभर वाचायचं असतं.”

“मग ती मागची खोली घ्या. इन्व्हर्टर ठेवलाय तिथं, म्हणून कोणी घेत नाही. बॅटऱ्या कोपऱ्यात सरकवून देतो. खिडकी आहे, पण ती बोळाकडं उघडते. खालच्या मशिन्यांचा आवाज येणार, आधीच सांगतो.”

खोली आठ बाय सात असेल. तात्या आत गेले. त्यांनी भिंतीवर टकटक केली, टाळी वाजवली, मान तिरकी करून ऐकलं. खालून शिलाई मशीनचा एकसारखा आवाज येत होता.

“धायगुडे, वाच काहीतरी.”

पिशवीत पंचांगाचं प्रूफ होतंच. त्यांच्या हातात मूळ प्रत दिली आणि मी उभ्यानंच सुरू केलं. “बुधवार, स्वल्प, सूर्योदय सहा छत्तीस, पूर्ण. गुरुवार, स्वल्प, सूर्योदय सहा छत्तीस, पूर्ण. शुक्रवार, स्वल्प, सूर्योदय सहा एकोणचाळीस...”

“थांब.”

“सहा एकोणचाळीस.”

“सूर्य काय एका रात्रीत तीन मिनिटं लोळत पडला? बघ.” त्यांनी मूळ प्रत माझ्यापुढे धरली. तिथे छत्तीस होतं. “चूक दोघांनी बघायची.”

बागवान दारात उभे राहून हे ऐकत होते. “आयला,” ते हळूच म्हणाले. “सूर्याचीबी चूक काढता तुम्ही.”

तात्या लहान मुलासारखे खूश झाले. इतक्या दिवसांत मी त्यांना तसं बघितलं नव्हतं. “इथे माझी खुर्ची,” ते बोट दाखवत म्हणाले, “आणि इथे धायगुडे. वाचता येईना आणि खोली वाकडी, असं म्हणायची सोय नाही त्याला आता.” बागवान हसले. शनिवारपर्यंत खोली कोणाला देत नाही, तोवर होकार कळवा, असं त्यांनी सांगितलं. जिना उतरताना तात्या म्हणाले, “माझं बसकर इथेच आणून ठेवतो.” छापखान्यातल्या त्यांच्या खुर्चीवर लाल चौकड्यांचं एक बसकर होतं. गेली चौदा वर्षं मी त्यांना त्यावरच बसलेलं बघत होतो.

त्या दिवशी मंगळवार होता. तिथेच होकार दिला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण मी म्हणालो, “शनिवारी सांगतो, घरी विचारतो.”

बुधवारी पंचांगाचे शेवटचे चाळीस कागद संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. हत्ती गेला होता, शेपूट राहिलं होतं. नेमकं त्याच दिवशी छापखान्यात गोदामवाले मांडण्या ठोकत होते, धुळीनं बसवेना. मला केतकीचा फुकट पास आठवला. तिथे प्रिंटर होता आणि कंपोझिटरनं शेवटचे कागद मला मेलवरच पाठवले होते.

“पण तिथे वाचता येणार नाही,” तात्या म्हणाले.

“एकच दिवस, तात्या. चाळीसच कागद आहेत. वीस तुम्ही डोळ्यांनी बघा, वीस मी. नाहीतरी मजकूर मुरलेलाच आहे तुमच्यात.”

त्यांनी चष्मा काढून पुसला.

“आपण असं कधी केलं नाही,” ते म्हणाले.

“आज करू.”

“बरं.”

तर तिथे आम्ही समोरासमोर बसलो. मी प्रिंटरच्या ट्रेमधून कागद घेऊन आलो, घाईघाईनं दोन गठ्ठे केले, एक त्यांच्यापुढे ठेवला, शेजारी मूळ प्रतीची तेवढी पानं. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं. मग दोन तास तिथे नुसती शांतता. मी मधूनमधून मान वर करून बघत होतो. तात्यांचे ओठ हलत होते. दर चार-पाच मिनिटांनी ते एक कागद उलटवत, उजव्या कोपऱ्यात खाली एक बरोबरची खूण करत, तिच्याखाली ‘व. रे.’ अशी अक्षरं काढत आणि पुढचा घेत. मला त्यांचं कौतुक वाटलं. म्हातारा म्हणता म्हणता नवीन पद्धत शिकला की, असं मनात आलं.

माझे वीस झाले. मी खूण केली: झालं का? त्यांनी मान हलवली आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

पहिल्या कागदावर खूण होती, चूक एकही काढलेली नव्हती. दुसऱ्यावरही तसंच. तिसऱ्यावर ‘मंगळवार’ दोनदा छापलेला होता, एकाखाली एक, ठळक अक्षरांत. खाली बरोबरची खूण आणि ‘व. रे.’ मी तात्यांकडे बघितलं. ते पेनाचं टोपण लावत होते. मी कागद उलटत गेलो. बाराव्या कागदानंतर छापलेले कागद संपले. त्याखाली कोरे होते. ट्रेमध्ये न छापलेले कागद उरले होते, ते घाईत मी त्यांच्या गठ्ठ्यात उचलून ठेवले होते. कोरे आठ कागद. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात खाली लाल खूण, आणि तिच्याखाली नीट, वळणदार ‘व. रे.’

मी तो गठ्ठा उलटा करून ठेवला, कोणी बघेल म्हणून. चष्मा बदलायचाय, तू वाच, चूक दोघांनी बघायची, सगळं आठवत गेलं. किती वर्षं? मला ओरडावंसं वाटत होतं. आजूबाजूला साठ माणसं गप्प बसलेली होती. मी ओरडलो नाही.

“काही राहिलं का?” तात्यांनी कुजबुजत विचारलं. ते माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत होते. ते नेहमीच तसं बघायचे.

“नाही,” मी म्हणालो. “छान झालं.”

त्यांना रिक्षात बसवून दिलं आणि वर येऊन मी त्यांचे बारा कागद पुन्हा वाचले, शिवाय राहिलेले आठ छापून घेऊन तपासले. पंचांग वेळेत दिलं. मग जिन्यात उभं राहून मी बागवानांना फोन केला.

“खोली नको,” मी म्हणालो.

“का हो? भाड्याचं काही असेल तर बघू की.”

“नाही. आमचा विचार बदललाय.”

“बरं,” ते म्हणाले. “तुमची मर्जी.”

पुढचा फोन भाषांतराच्या कंपनीला. हो म्हणालो. आणि तिथूनच परत आत जाऊन केतकीला सांगितलं की मला एक खुर्ची हवी. एकाच माणसासाठी. एक्केचाळीस नंबरचं टेबल.

का केलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. त्या दिवशी माझ्याकडे उत्तर तयार होतं. आंधळ्या माणसाच्या भरवशावर लोकांचे मुहूर्त आणि सणवार छापून द्यायचे का? उद्या चूक झाली तर? त्यांनी मला फसवलं होतं, इतकी वर्षं. हे सगळं खरंच होतं. पण फोन ठेवल्यावर मला आधी काय वाटलं असेल तर सुटका. चौदा वर्षं मोठ्यानं वाचून माझा घसा बसला होता, आणि आता कोणी मला “थांब” म्हणणार नव्हतं. कागद कोरे निघाले नसते तर मी दुसरं काहीतरी कारण शोधलं असतं, अशी मला भीती वाटते.

शनिवारी छापखान्यात शेवटचं सामान आवरायचं होतं. तात्या एरवी दहाच्या ठोक्याला यायचे. त्या दिवशी साडेअकरा झाले. सून, सुवर्णा, त्यांना रिक्षानं सोडून गेली. त्यांच्या काखेत बसकर होतं. मांडण्यांच्या धुळीत नको म्हणून मधे त्यांनी ते घरी नेलं होतं.

“आज उशीर केलात?” मी विचारलं.

“जरा काम होतं.”

त्यांनी बसकर खुर्चीवर घातलं आणि बसले. गोदामाच्या मांडण्या लागल्या होत्या, त्यांच्या मधल्या फटीत आमचं टेबल उरलं होतं. मी शब्दकोश दोरीनं बांधत होतो. त्यांच्याकडे पाठ होती ते बरं झालं.

“तात्या, बागवानांचा फोन आला होता. खोली गेली.”

मागे खुर्ची करकरली.

“थांब,” तात्या म्हणाले.

माझा हात दोरीवर थांबला. चौदा वर्षांची सवय.

“परत वाच.”

“खोली गेली, तात्या. त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी दिली. जास्त भाडं मिळालं असेल.”

मी वाट बघत राहिलो. बाहेर गोदामाचा कोणी माणूस खोके मोजत होता. मला वाटलं, आता ते विचारतील, कोणाला दिली, कधी दिली, शनिवारपर्यंत थांबतो म्हणाला होता ना. मी उत्तरं जुळवून ठेवली होती.

“पुढे,” तात्या म्हणाले.

मग आम्ही सामान आवरलं. त्यांनी आपलं लाल पेन मला दिलं. मी नको म्हणालो तर म्हणाले, “असू दे. मला आता कशाला लागतंय?” रिक्षात बसताना त्यांनी माझ्या पिशवीचा बंद धरला आणि जरा जास्त वेळ धरून ठेवला. बसकर ते खुर्चीवरच विसरले. मी ते नंतर पोचवतो म्हणालो आणि पोचवलं नाही. गोदामवाल्यांनी ते बहुधा फरशी पुसायला घेतलं.

तात्या त्यानंतर अडीच वर्षं होते. मी चार वेळा भेटायला गेलो. ते जिन्यातच बसलेले असायचे, खालून तिसऱ्या पायरीवर, भिंतीला टेकून. “काय वाचतोस?” ते विचारायचे. मी सांगायचो, औषधांचे कागद. “मोठ्यानं वाचतोस का?” नाही, तिथे चालत नाही. “मग काय उपयोग?” एवढंच ते म्हणायचे. चौथ्या वेळेला त्यांनी हे काही विचारलं नाही. त्यानंतर मी गेलो नाही.

ते गेल्याचं सुवर्णानं कळवलं. दहाव्याला गेलो तेव्हा तिनं एक खोकं माझ्या हवाली केलं. आमच्या कामाची जुनी पंचांगं आणि मूळ प्रती. “तुमच्याकडे असू दे म्हणायचे,” ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “तुम्हाला माहीत होतं ना, त्यांना अक्षर दिसत नव्हतं ते?”

“शेवटी शेवटी कळलं.”

“छापखाना सुटायच्या चार वर्षं आधीपासून. डोळ्याचा पडदा गेला होता. चालण्यापुरतं कडेकडेचं दिसायचं. मी म्हणायचे, धायगुडेभाऊंना सांगा. तर म्हणायचे, त्याला कळलं तर तो भीत भीत वाचेल, आणि भीत भीत वाचलेलं मला ऐकू येत नाही.”

ते खोकं मी वर्षभर उघडलं नाही. मग एका दिवाळीच्या सुट्टीत उघडलं आणि त्या चार वर्षांची पंचांगं मूळ प्रतीशी ताडून बघितली. एकट्यानं, रोज थोडी थोडी. चार पंचांगांत मला तीन चुका सापडल्या. छापखाना सुटल्यानंतरच्या साली त्याच पंचांगाचं काम मी एकट्यानं डोळ्यांनी केलं होतं. त्यात एकोणीस निघाल्या. त्यातली एक एकादशीची होती. त्यावरूनच पंचांगवाल्यांनी काम काढून घेतलं होतं. म्हणजे तात्यांना मूळ प्रत दिसत नव्हती आणि लागतही नव्हती. मी वाचत होतो तेवढं त्यांना पुरत होतं.

औषधांच्या कागदांचं काम अजून आहे, पण आता बरंचसं मशीनच तपासतं. मशीननं तपासलेलं मी बघतो. एक्केचाळीस नंबरचं टेबल अजून माझ्याकडेच आहे. केतकी कधीच सोडून गेली. कधी एखादा आकडा डोळ्याला पटत नाही, तेव्हा नकळत माझे ओठ हलतात आणि तोंडातून ‘पूज्य’ निघतं. शेजारचा मुलगा कानातला बोळा काढून बघतो. मी सॉरी म्हणतो.

गेल्या महिन्यात लक्ष्मी रोडवर बायकोच्या साडीला फॉल लावायला दिला होता, तो आणायला गेलो. दुकानातून बाहेर पडतो तर समोर नसीमभाई बागवान. केस पांढरे झाले होते. मी ओळख दाखवली नसती, पण त्यांनी दाखवली.

“तुम्ही ते सूर्याची चूक काढणारे ना? तात्या कसे आहेत?”

“गेले. पाच वर्षं झाली.”

“अरेरे.” त्यांनी कानाला हात लावला. “फार गोड माणूस. मला वाईट वाटलं होतं हो त्या दिवशी त्यांचं.”

“कोणत्या दिवशी?”

“ते आले होते ना, सूनबाई घेऊन. तुम्ही फोन केला होता, त्याच्यानंतरच्या शनिवारी. मी शटर वर करतोय तोवर हे जिन्यात उभे, काखेत ती गादी. म्हणाले, माझं बसकर ठेवायला आलोय. मला काही सुधरेना. मी म्हटलं, अहो, तुमच्या धायगुड्यांचा फोन आला होता बुधवारीच, खोली नको म्हणाले.”

मी साडी या हातातून त्या हातात घेतली.

“मग म्हणाले, जरा आत बसू का? म्हटलं, बसा की. पाच मिनिटं बसले असतील त्या खोलीत. एक टाळी वाजवली. जाताना मला म्हणाले, मी येऊन गेलो ते धायगुड्यांना सांगू नका. म्हणून नाही बोललो मी कधी. आता ते नाहीत म्हणून सांगतो.” बागवानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “ती खोली तर अजून रिकामीच आहे. बॅटऱ्या ठेवतो मी तिथं.”

ते निघून गेले. मी फॉल लावलेली साडी हातात घेऊन त्या बोळात उभा राहिलो. बागवानांचं शटर दहाला उघडतं, हे मला माहीत होतं. छापखान्यात तात्या साडेअकराला आले होते. म्हणजे ते “थांब” म्हणाले तेव्हा मूळ प्रत त्यांच्याजवळ होती. “परत वाच” म्हणाले तेव्हाही होती. मी दुसऱ्यांदा तेच वाचलं, आणि त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली नाही.